तीन प्रतींत वेळापत्रक

बारा वाजून दहा मिनिटांनी कॉम्प्युटरने मान टाकली, तेव्हा वेळापत्रकबाईंचं अगदी एका अदलाबदलीचं काम राहिलं होतं.

आठवी ब चं संगीत बुधवारच्या पाचव्या तासावरून उचलायचं, गुरुवारच्या दुसऱ्या तासावर ठेवायचं, आणि गुरुवारचं विज्ञान बुधवारी आणून बसवायचं. बस. एवढं केलं की एकवीस वर्ग आणि चौतीस शिक्षक आठवडाभर एकमेकांना न धडकता आपापल्या जागी जाणार होते. ही एक गाठ सोडवायला बाईंना तीन दिवस लागले होते. ती सुटली नुकतीच, भांडी विसळताना, आणि ओल्या हातांनीच त्या दिवाणखान्यात कॉम्प्युटरपाशी धावल्या होत्या. तर पडद्यावर एक गोल कडं फिरत होतं आणि त्याखाली एक चौकट उघडली होती.

'सुरक्षित प्रत बनवत आहे. कृपया कॉम्प्युटर बंद करू नका. उरलेला वेळ : चार तास सात मिनिटे.'

बाईंनी फाइल उघडून पाहिली. 'ही फाइल दुसरीकडे वापरात आहे', असं उत्तर आलं. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे सांगायची त्या यंत्राला गरज वाटली नाही.

आता चार तास हा काही फार मोठा वेळ नव्हे, असं कोणाला वाटेल. पण मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकांनी, अगदी स्वच्छ सांगितलं होतं. "चारला माझ्या हातात आलं तर तुमचं वेळापत्रक लागेल. नाही आलं तर गेल्या वर्षीचंच लावते. उद्या शाळा उघडतेय, पाचला फलकावर कागद दिसला पाहिजे."

गेल्या वर्षीचं म्हणजे शास्त्राच्या सरांचं. त्याचीही एक कहाणीच होती. बाई बारा वर्षं शाळेचं वेळापत्रक करत आल्या होत्या आणि त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. गेल्या वर्षी तीन आठवडे खपून केलेलं वेळापत्रक द्यायच्या आदल्या दिवशी कॉम्प्युटरसकट बसलं. कॉम्प्युटर दुरुस्त झाला, फाइल गेली ती गेलीच. दुसरी प्रत कुठेच नव्हती. मग शास्त्राच्या सरांनी घाईघाईत एक वेळापत्रक ठोकून दिलं, त्यात पाचवीची मुलं डबा खाल्ल्या खाल्ल्या मैदानावर पळायची, एका प्रयोगशाळेत दोन वर्ग घुसायचे, आणि संगीताच्या बाईंनी मंगळवारी एकाच वेळी तळमजल्यावर आणि दुसऱ्या मजल्यावर गाणं अपेक्षित होतं. वर्षभर शाळा तशीच धडपडत चालली. आणि जो तो येता जाता बाईंना विचारायचा, "काय वेळापत्रकबाई, सापडलं का?"

फाइल गेली ती गेलीच हे कळलं, त्या दिवशी बाई स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून हमसून हमसून रडल्या होत्या. घरातल्यांनी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. पुन्हा त्या विषयावर घरात कोणी बोललं नाही, पण ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं होतं.

"बाबा," बाई म्हणाल्या, "हे काय सुरू झालंय?"

"काय सुरू झालंय?" सासरे वर्तमानपत्रामागून म्हणाले.

"बॅकअप."

"असं होय. बाराला लागतो तो."

"लागतो म्हणजे? कोणी लावला?"

सासऱ्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग ती घडी आणखी एकदा घातली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं त्यांच्या चेहऱ्यावर सगळं लख्ख दिसत होतं. सासरे एका बाटल्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं भांडारपाल होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण भांडार काही त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, हा त्यांचा धर्म. एक वापराला, एक कपाटाला, आणि एक कपाट जळालं तर. घरातल्या विजेच्या बिलापासून डॉक्टरच्या चिठ्ठीपर्यंत सगळ्याला हाच नियम.

"मीच लावला," ते म्हणाले. "म्हटलं, बाराला तू जेवायला उठतेस. तेवढ्यात होऊन जाईल."

"चार तास जेवते का मी?"

"पूर्वी दहा मिनिटांत व्हायचा गं. अलीकडेच आळसावलाय."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. उरलेला वेळ आता पाच तास झाला होता. त्या पाहत असतानाच तो अकरा मिनिटांवर आला, आणि त्यांच्या जिवात जीव येतोय तोवर दोन दिवस झाला.

"थांबवा तो. आत्ताच्या आत्ता."

"थांबवायला पासवर्ड लागतो," सासरे म्हणाले. "उगाच कोणी थांबवू नये म्हणून."

पासवर्ड अर्थातच तीन प्रतींत होता. वापराची प्रत सासऱ्यांच्या खिशातल्या वहीत होती. वही उघडली. तिथे सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'पासवर्ड बदलला आहे, कपाटाची प्रत पाहावी.' कपाट उघडायला किल्ली, किल्लीसाठी उशीखालचा डबा, डब्यासाठी चष्मा, असं करत पाऊण तासाने कपाटाची प्रत हातात आली. तिच्यावर लिहिलं होतं, 'वापराची प्रत पाहावी.'

बाईंनी डोळे मिटले आणि मनात सहावीपर्यंतच्या वर्गांचे गणिताचे तास मोजले. राग आला की त्या असंच करत.

"तिसरी प्रत आहे ना," सासरे घाईने म्हणाले. "कपाट जळालं तर म्हणून स्वयंपाकघरात ठेवलीय. साखरेच्या डब्याखाली."

"आग लागलीच तर आधी स्वयंपाकघरातच लागेल ना हो?" सासूबाई आतून म्हणाल्या. त्या प्रत घेऊनच बाहेर आल्या. त्यांच्या हाताला साखर लागली होती आणि कागदाला मुंग्या. पण पासवर्ड वाचता येत होता.

सव्वा वाजता सासऱ्यांचा बॅकअप थांबला. कडं फिरायचं थांबलं. बाईंनी खुर्ची पुढे ओढली, बोटं मोडली, फाइलवर हात ठेवला, आणि कडं पुन्हा फिरायला लागलं.

'सुरक्षित प्रत बनवत आहे.'

"बाबा."

"हा माझा नाही," सासरे म्हणाले. "माझ्या चौकटीला निळी कड असते. हिला हिरवी आहे."

हिरवी कड कोणाची, हे कळायला फार डोकं लागलं नाही. घरात कॉम्प्युटरला हात लावणारा आणखी एकच माणूस होता. बाईंनी नवऱ्याला फोन लावला. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचा फोन लागला की बोलणाऱ्याला आधी लोखंडाचे घण ऐकू यायचे आणि मग तो.

"हॅलो. मी नवव्या आणि दहाव्याच्या मध्ये आहे. अर्जंट आहे का?"

"तू कॉम्प्युटरवर बॅकअप लावलायस?"

घण थांबले.

"कधी सुरू झाला?"

"बाबांचा थांबवला, लगेच तुझा सुरू झाला."

"हां, म्हणजे बरोबर चालतोय," नवरा समाधानाने म्हणाला. "मी तसाच लावलाय. दुसरा कुठला बॅकअप बंद पडला की आपला सुरू. एका दोरावर लिफ्ट चालते गं, पण आम्ही सहा लावतो. एक तुटला की दुसरा पकडतो."

"अरे पण माझी फाइल पकडलीय त्याने. मला चारला वेळापत्रक द्यायचंय."

"म्हणजे अजून गेलं नाही?" आता त्याच्या आवाजातलं समाधान गेलं होतं. "थांबव, थांबव. पासवर्ड टाक आणि थांबव. तारीख आहे, आठ आकडी."

बाईंनी लग्नाची तारीख टाकली. पासवर्ड चुकीचा.

"लग्नाची नाही," नवरा म्हणाला, आणि मग जरा आवाज खाली आणून, बहुधा शेजारी त्याचा जोडीदार उभा असावा, "तू ज्या दिवशी शाळेच्या लिफ्टमध्ये अडकली होतीस ना, ती."

ती तारीख बाईंना सांगावी लागली नाही. तेव्हा त्या नव्या होत्या, हातात उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे होते, आणि दोन मजल्यांच्या मधल्या अंधारातून एक तेलकट हात आधी गठ्ठे घ्यायला पुढे आला होता. 'आधी कागद द्या, मग तुम्ही या,' असं तो म्हणाला होता. कागदांची इतकी कदर करणारा माणूस बाईंनी त्याआधी पाहिला नव्हता. त्यांनी आठ आकडे टाकले. हिरवी चौकट गपकन मिटली. अर्धा मिनिट बाईंचा राग कुठे गेला ते त्यांनाही कळलं नाही.

मग फाइल उघडली. पण ती अशी उघडली, की आठवी ब चं पान यायला वीस मिनिटं लागली, संगीताचा चौकोन उचलायला दहा, आणि तो गुरुवारपर्यंत न्यायला त्याहून जास्त. सासूबाईंनी ताट आणून ठेवलं, ते गार झालं, त्यांनी ते नेलं आणि गरम करून पुन्हा आणलं. पावणेतीनला विज्ञान बुधवारी जाऊन बसलं. गाठ सुटली. चौतीस माणसं आणि एकवीस वर्ग, कुठे टक्कर नाही. बाईंनी एक मोठा श्वास घेतला आणि फाइल साठवायची आज्ञा दिली.

'जागा शिल्लक नाही', कॉम्प्युटर म्हणाला.

"जागा नाही म्हणजे?" सासरे उठून उभेच राहिले. भांडारपालाला इतकी लागणारी दुसरी गोष्ट नसेल. "एवढा मोठा साठा आहे. मागच्या वर्षीच नवी डिस्क बसवलीय. कोणी भरली?"

दोघं मिळून शोधायला लागले. सासऱ्यांचा आणि नवऱ्याचा, दोन्ही बॅकअप बाहेरून जोडलेल्या एका काळ्या पेटीत जात होते. ते ठीक होतं. पण बाईंच्या 'वेळापत्रक' नावाच्या फोल्डरमध्ये, शाळेच्या फाइलींच्या शेजारी, आणखी एक फोल्डर होता. त्याच्या पोटात काळ्या पेटीतला सगळा माल होता. त्या मालाच्या पोटात पुन्हा 'वेळापत्रक' फोल्डर, त्याच्या पोटात पुन्हा पेटी, तिच्या पोटात पुन्हा वेळापत्रक. खोलीतला माल पेटीत जात होता आणि पेटीतला माल खोलीत येत होता, रोज, आणि दर खेपेला दुप्पट होऊन. सासऱ्यांनी मोजायला सुरुवात केली आणि एकाच वेळापत्रकाच्या चारशे बारा प्रतींपर्यंत येऊन ते खुर्चीत बसले.

"एक ना धड भाराभर चिंध्या," सासूबाई दारातून म्हणाल्या.

"बाबा, तुम्ही पेटीतला माल माझ्याच फोल्डरमध्ये कशाला ठेवलात?" बाई म्हणाल्या.

"मी? छे. मी गोदामातला माल परत दुकानात कशाला आणीन? चौतीस वर्षांत असं केलं नाही."

"मग त्याने ठेवला असेल."

नवऱ्याला पुन्हा फोन झाला. तो आता दहाव्या मजल्यावर आला होता. "मी नाही गं," तो म्हणाला. "माझे सगळे दोर बाहेरच्या पेटीलाच बांधलेत."

"म्हणजे भुताने ठेवला," बाई म्हणाल्या. त्यांचा दोघांवरही विश्वास बसला नाही. बारा वर्षं त्या शिक्षकांची कारणं ऐकत आल्या होत्या. 'मी नाही' म्हणणारा बहुतेक वेळा तोच असतो, हे त्यांना पाठ झालं होतं. पण तीन वाजत आले होते, आणि चौकशीचा तास वेळापत्रकात नव्हता. "सगळं काढून टाकते. चारशेच्या चारशे."

"असं कसं काढून टाकतेस?" सासऱ्यांनी माउसवर हातच ठेवला. "माल काढायचा म्हटलं की आधी मंजुरी लागते. कोणता माल, किती नग, निकामी का, खाली सही. उद्या कोणी विचारलं तर?"

"कोण विचारणार आहे, बाबा?"

"चौतीस वर्षं मलाही असंच वाटायचं. आणि दर वर्षी कोणीतरी विचारायचंच."

बाईंनी वाद घातला नाही. शाळेत त्या हेच शिकल्या होत्या, माणसाचा हट्ट मोडण्यापेक्षा त्याला एक कागद देणं सोपं असतं. त्यांनी लिहून दिलं, 'वेळापत्रकाच्या जुन्या प्रती, नग चारशे बारा, निकामी, काढून टाकण्यास मंजुरी.' सासऱ्यांनी त्याला कार्बन कागद लावून तीन प्रती काढून घेतल्या, तिन्हींवर बाईंची सही घेतली, चष्मा पुसून वाचून पाहिलं, आणि मग जड मनाने हात उचलला. चारशे बारा प्रती गेल्या. काळी पेटी आणि कॉम्प्युटर दोघांनीही एकदम मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

तीन वाजून बावीस मिनिटांनी फाइल साठवली गेली. सासरे एक पेन ड्राइव्ह घेऊन आले. "एक प्रत दे यात," ते म्हणाले. बाईंनी दिली, म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा. मग मोठ्या बाईंच्या नावे ईमेल लिहिला, फाइल जोडली आणि पाठवून दिला.

ईमेल गेला नाही. तो उंबरठ्यावर उभा राहिला. एक टक्का. बाईंनी घड्याळ पाहिलं, तीन पंचवीस. पुन्हा पडदा पाहिला, एक टक्का. तीन बत्तीस झाले, दोन टक्के. आता मात्र बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. इंटरनेट चालू होतं, दिवे लुकलुकत होते, सासऱ्यांचा थांबला, नवऱ्याचा थांबला, मग सगळी वाट अडवून बसलंय कोण? घोडं नक्की कुठे पेंड खातंय, ते काही केल्या कळेना.

"बाबा," म्हणून त्या वळल्या, तर खुर्ची रिकामी. सासरे घरात नव्हते. चप्पलही नव्हती. दारात फक्त सासूबाई उभ्या होत्या, पदराला हात पुसत.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "ते इंटरनेटवरून वर पाठवतात ना, तसलं काही चालू असेल तर तुझं पत्र अडतं का गं?"

बाई हळूच खुर्चीसकट फिरल्या. सासूबाईंनी आजवर कॉम्प्युटरवरची धूळ सोडून दुसऱ्या कशाला हात लावल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

"आई, तुम्ही?"

"वाचनालयात आम्हा म्हाताऱ्यांचा वर्ग असतो ना, शुक्रवारी. तिथल्या मुलीने शिकवलं. घरात ठेवलेलं घराबरोबर जातं, म्हणून एक प्रत लांब ठेवावी म्हणाली. इंटरनेटवर." त्यांनी एक कागद पुढे केला, त्यावर ठळक अक्षरात सगळ्या पायऱ्या लिहिलेल्या होत्या. "नवीन बदललेलं असेल ते आधी जातं, मग बाकीचं. ते चारशे बारा नग तू काढलेस ना, त्यातले बरेच आधीच रांगेत लागले असणार."

"मग थांबवा ना ते."

"सुरू कसं करायचं ते झालंय आमचं," सासूबाई म्हणाल्या. "थांबवायचं पुढच्या शुक्रवारी आहे."

त्यावर हसावं की रडावं हे बाईंना कळेना. त्यांनी सासूबाईंची चौकट शोधून काढली, पिवळ्या कडेची. तिच्यात, कशाकशाची प्रत काढायची, त्याची यादी होती. यादीत एकच ओळ होती. 'वेळापत्रक.' बाईंनी तशीच निळी चौकट उघडून पाहिली. सासऱ्यांच्या यादीत बिलं नव्हती, चिठ्ठ्या नव्हत्या, पेन्शनचे कागदही नव्हते. एकच ओळ, 'वेळापत्रक'. मग हिरवी. तिथेही तीच.

"फक्त माझंच?" बाई म्हणाल्या.

"आमचं काय आहे त्यात जाण्यासारखं?" सासूबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी तू ओट्यापाशी उभी राहून रडलीस ना, तेव्हाच मी म्हटलं, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. ह्यांनीही तसंच म्हटलं असेल. आणि त्यानेही. आमच्यात कोणी कोणाला सांगितलं नाही एवढंच. तुला सांगितलं असतं तर तू 'नको' म्हणाली असतीस."

दिवसभर ज्या तीन चौकटींना बाई मनात शिव्या घालत होत्या, त्या तिघी त्यांच्याच अंगावर पांघरूण घालायला धावत होत्या, आणि तिघींनी एकदम ओढल्यामुळे बाई घुसमटल्या होत्या. रडावंसं वाटत होतं, पण तीन अडतीस झाले होते.

आणि तीन अडतीसला त्यांच्यातली वेळापत्रकबाई जागी झाली. हे तर त्यांचं रोजचंच होतं. चौतीस शिक्षक असतात, सगळ्यांना पहिला तास हवा असतो, सगळ्यांनाच मुलांचं भलं करायचं असतं, आणि सगळे एकदम वर्गात शिरले की कोणाचंच शिकवणं होत नाही. अशा वेळी शिक्षकांना हाकलत नाहीत. त्यांना तास वाटून देतात.

"आई, तुमचा तास संध्याकाळी सातचा," बाई म्हणाल्या, आणि पिवळ्या चौकटीतला 'आत्ता' हा शब्द पुसून त्यांनी तिथे 'सात वाजता' असं टाकलं. पिवळी चौकट मुकाट्याने बाजूला झाली. ईमेल चार टक्क्यांवरून चाळीसवर गेला, तिथून सत्तरवर. सासूबाई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. तीन एक्कावन्नला चौकट म्हणाली, 'पाठवला.'

बाई उठल्या आणि सासूबाईंना त्यांनी घट्ट मिठी मारली. त्या घरात असं काही होत नसे, म्हणून सासूबाई आधी गोंधळल्या आणि मग पाठीवर थोपटत राहिल्या.

चारला दोन मिनिटं कमी असताना मोठ्या बाईंचा फोन आला.

"बाई, तुमचं वेळापत्रक ईमेलने मिळालं."

"मिळालं ना, मॅडम?"

"मिळालं. मी वाचतच होते, तेवढ्यात एक आजोबा आले. तुमचे सासरे म्हणतात स्वतःला. पेन ड्राइव्ह घेऊन आलेत आणि पोच दिल्याशिवाय जात नाहीत. तीन प्रतींत पोच पाहिजे म्हणतात."

"मॅडम, त्यांचं असं आहे..."

"थांबा, संपलं नाही. ग्रीस लागलेल्या कपड्यांत एक गृहस्थ दारात उभे आहेत. त्यांच्या आईने म्हणे साडेतीनलाच फोन करून त्यांना इंटरनेटवरची प्रत कशी उघडायची ते सांगितलं. दुकानातून छापून आणलंय. तुमचे मिस्टर ना?"

बाईंनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई लगबगीने स्वयंपाकघरात गेल्या.

"आता आणखी कोणी येणार असेल तर सांगा, मी खुर्च्या मागवते," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या गंभीर असल्या तरी हसत असल्या तरी त्यांचा आवाज एकच असायचा, पण आज तो जरा वेगळा लागला. "बाई, तिन्ही ताडून पाहिली. चौकोन अन् चौकोन सारखा. आणि संगीताच्या बाई एका वेळी एकाच मजल्यावर आहेत. बारा वर्षांत एवढं सुरेख वेळापत्रक तुम्ही केलं नव्हतं. छापील प्रत फलकावर लावतेय. परीक्षेचं पण तुम्हीच करायचं, आताच सांगून ठेवते."

पाचला शास्त्राच्या सरांचाही फोन आला. बाईंनी जरा धसक्यानेच उचलला. "बाई," सर म्हणाले, "फलक पाहून आलो. आठवडाभर मला एकही शेवटचा तास नाही. खरं सांगू का, गेल्या वर्षी माझ्या वेळापत्रकात मीच मला सहा दिले होते. कसे दिले ते मलाही कळलं नव्हतं. आता पुन्हा मला करायला लावू नका." असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. वर्षभराचं उत्तर बाईंना एका फोनात मिळालं.

संध्याकाळी सगळे दिवाणखान्यात जमले. सासरे पोचपावती दाखवत होते, नवरा अजून ग्रीसच्याच कपड्यांत होता, सासूबाईंनी चहा आणला होता. बाई विजयी सेनापतीसारख्या कॉम्प्युटरपाशी बसल्या होत्या. आता त्यांना बोलायचा हक्क होता, आणि त्यांनी तो पुरेपूर वापरला.

"तुमचं सगळ्यांचं प्रेम कळलं मला," त्या म्हणाल्या, "पण आजपासून बॅकअपलाही वेळापत्रक. आई सात वाजता. बाबा आठला. हा नऊला. दुसऱ्याच्या तासात कोणी घुसायचं नाही. आणि पेटीतला माल माझ्या फोल्डरमध्ये आणून ओतायचा नाही. तो ज्याने कोणी ओतला ना, त्याच्यामुळे चारशे बारा प्रती झाल्या, त्याच्यामुळे यंत्र मेलं, त्याच्यामुळे माझा दिवस गेला. नाव विचारत नाही. पण त्याने निदान मनातल्या मनात तरी कबूल करावं."

सासरे आणि नवरा एकमेकांकडे संशयाने पाहायला लागले.

बाईंनी तास टाकण्यासाठी ठरलेल्या कामांची यादी उघडली. पिवळी ओळ, निळी ओळ, हिरवी ओळ. आणि त्यांच्याही वर, सगळ्यात पहिली, बिनरंगाची एक ओळ. काम : रोज बाराला सगळा कॉम्प्युटर आणि बाहेरची पेटी, दोन्हींची प्रत. ठेवायची जागा : 'वेळापत्रक' फोल्डर. चौकट दाखवायची का : नको. कोणी लावलं, तिथे बाईंचंच नाव होतं. तारीख गेल्या वर्षीची, रडल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

मग बाईंना सगळं आठवलं. सुजलेल्या डोळ्यांनी त्या इथेच बसल्या होत्या आणि यंत्राने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला 'हो, सगळं' म्हणत गेल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांचे कान हळूहळू तापायला लागले.

"ही चौथी ओळ कोणाची?" सासरे चष्मा सावरत खांद्यावरून वाकले. त्यांनी वाचलं. नवऱ्यानेही वाकून वाचलं आणि तो एकदम चहाच्या कपात काहीतरी शोधायला लागला.

"जुनं असेल काहीतरी," सासूबाई म्हणाल्या. "सूनबाई, तू आधी चहा घे. निवतोय."

कोणी हसलं नाही. सासरे फक्त उठले, आत गेले, आणि कार्बन कागद लावलेलं पुस्तक घेऊन आले. 'बॅकअप, जुना, नग एक, निकामी, काढून टाकण्यास मंजुरी,' असं त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं आणि पुस्तक बाईंपुढे सरकवलं.

वेळापत्रकबाईंनी मुकाट्याने सही केली. तिन्ही प्रतींवर.